भिंतीला लागून खांब

निपाणीच्या आमच्या गल्लीत मोबाइलचा खांब येणार हे आधी कळलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. खड्डा खणला तेव्हा सगळ्यांना कंठ फुटला. खड्डा बरोबर एका बाळंतिणीच्या खिडकीसमोर होता.

कंपनीचा मुलगा चिकोडीकडचा, सभ्य होता. "मोठा टॉवर नव्हं हो ह्यो," तो सांगत होता. "दिव्याच्या खांबाएवढा खांब, वर एक डबा."

"मग डबा तुझ्या घरावर लाव की रं," बाळंतिणीची सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायका खड्ड्याभोवती बसल्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका विड्या वळतात, त्यामुळे बसलं म्हणून काम बुडत नाही. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. हात चालू, तोंडही चालू. कुणी म्हणे डोकी दुखतात, कुणी म्हणे चिमण्या जातात. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यातलं खरं-खोटं मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण न विचारता कुणाच्या दारात खड्डा खणला की राग येतो, तेवढं कळतं. म्हणून मीही सूप घेऊन बसले.

माझ्या बाजूला माझी शेजारीण होती. आमची घरं गल्लीच्या टोकाला, मधली भिंत एकच. पूर्वी आम्ही दोघी तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. ती मला आक्का म्हणते. तिला एकच मुलगी, त्या पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहान होती तेव्हा ती आमच्या दोघींच्या मधे बसून सगळं हातांनी सांगायची. प्रत्येक माणसाची तिनं एक खूण ठरवली होती. आईच्या गालावर तीळ, म्हणून आई म्हणजे गालावर बोट. मी म्हणजे नाक चिमटीत धरायचं, कारण माझ्या अंगाला तंबाखूचा वास येतो. तो तिच्या आईच्याही अंगाला येतो, पण आईला कोण असं म्हणतं?

पोर लग्न होऊन बेळगावात गेली. नवराही ऐकू न येणारा, दोघं मिळून शिवणकाम करतात. तिला लिहिता येतं, पण आईला वाचता येत नाही. म्हणून मायलेकी फोनच्या चित्रात एकमेकींना बघून हातांनी बोलतात. त्याला चांगली रेंज लागते आणि आमच्या टोकाला तेव्हा ती नव्हती. शेजारीण रोज संध्याकाळी गुडघा धरत चढावरच्या शाळेच्या मैदानात जायची. एकदा मी बरोबर गेले. चित्र आलं, पोर काहीतरी सांगू लागली. तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला. ये म्हणते की जा म्हणते, कळेना. आई त्या थांबलेल्या हाताकडे बघत उभी राहिली. मग चित्रच गेलं.

असं पुन्हा पुन्हा झालं. पोरीला वाटलं, आईच मधे बंद करते. ती रुसली आणि तिनं फोन करणं सोडलं.

आणि तिची आई खड्ड्यापाशी बसून खांब नको म्हणत होती.

मी हळूच म्हटलं, "तुला खांब पायजे न्हवं?"

"गप बस आक्का. सगळ्या बसल्यात."

"सगळ्यांच्या पोरी तोंडानं बोलत्यात."

"म्हणून मी तान्ह्या लेकराच्या खिडकीत खांब रोवू व्हय?"

तिचं बरोबर होतं. हातातली विडी सैल वळली गेली, ती उलगडून परत वळली.

कंपनीचा मुलगा परत आला तेव्हा सगळ्या एकदम ओरडायला लागल्या. मी उठले.

"बाळा, ह्यो खड्डा बुजव. गल्लीच्या टोकाला माझ्या भिंतीला लागून जागा हाय, धुण्याच्या दगडापाशी. तिथं लाव."

तो जाऊन बघून आला. "तिथं चालंल आजी. पर मग तुमचंच घर जवळ येतंय."

"येऊ दे. सत्तरी गेली माझी. आता कुठला रोग यायचा ऱ्हायला असंल तर त्यानंबी येऊन बसावं."

"म्हातारीला कंपनीनं साडी दिली वाटतं गं!" बाळंतिणीची सासू ओरडली.

"दिली की. पोलकं तुला ठेवलंय."

बायका हसल्या. शेजारीण हसली नाही. घरी येऊन माझ्यावर तडकली, "मला इचारलंस? भिंत माझीबी हाय."

"म्हणूनच न्हाय इचारलं. तू न्हाय म्हणाली असतीस."

"आन तुला काय झालं तर?"

"तर तू कर माझं. दुसरं कोण हाय मला?"

माझ्याच चुलीवर तिनं चहा ठेवला. त्यात साखर लई पडली होती. मी मुकाट्यानं प्याले.

खांब उभा राहिला. धुण्याचा दगड सरकवावा लागला, तो आता डुगडुगतो. खांबाची सावली नेमकी वाळवणावर पडते. कधी कधी वाटतं, डोकं दुखतंय. मग आठवतं, ते आधीही दुखत होतं.

रेंज सुरू झाली त्या संध्याकाळी शेजारीण माझ्या उंबऱ्यावर बसली. फोन सुपाला टेकवून ठेवला. पोरीनं उचलला नाही.

"रुसलीया," ती म्हणाली.

"परत लाव."

दुसऱ्यांदा पोर दिसली. कपाळाला आठ्या, हात भराभर चाललेले. पण ते कुठं अडकले नाहीत. आईची तंबाखूनं पिवळी झालेली बोटं उत्तर देत होती. मला निम्मंच कळलं: मैदान, गुडघा, बंद मी नाही केला. हळूहळू पोरीच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग आईनं खांबाकडे बोट केलं आणि मला दंडाला धरून फोनसमोर ओढलं.

पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि नाक चिमटीत धरलं. मग नाक सोडून ती दोन्ही हातांनी काहीतरी लांबलचक सांगायला लागली. मला त्यातलं काही कळलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले.