मी पुसलेल्या ओळी

पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या शहरात मी पत्रकं वाटत मोठी झाले. त्यामुळं दोष कुणाचा, हे मला लगेच दिसतं आणि मी ते छापते. हे लिहायला मात्र वर्ष गेलं.

दुसऱ्या शहरातल्या काही मुलांनी नळाच्या तक्रारींचं मोफत ॲप केलं होतं. त्याचा कोड खुला, कुणीही आपली वेगळी प्रत काढावी. तिला फोर्क म्हणतात. आम्ही पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांनी सोलापूरसाठी काढली. मूळ ॲपमध्ये दुरुस्ती झाली की ती आपल्या प्रतीत ओढून घ्यायची, नाहीतर प्रत मागं पडते आणि नव्या फोनवर चालेनाशी होते. ते काम माझ्याकडं.

मूळ ॲपमधली वाक्यं मराठी, तीही सरकारी. 'जलपुरवठा खंडित आहे.' शुक्रवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या तेलुगू विणकर बाईंना मी ते वाचून दाखवलं. सगळी गल्ली त्यांना अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, म्हणायची.

"नोटीस हाय का ही? नळावर बाई आसं बोलती व्हय?"

"मग कसं बोलते?"

"लिही. आन् तुज्या पत्रकातलं एक अक्षर घालू नको."

दुपारभर त्या तेलुगूत एकेक वाक्य सांगत गेल्या आणि मी देवनागरीत टाइप करत गेले, थेट कोड ठेवलेल्या वेबसाइटवर. दुसरीकडं कुठंच प्रत ठेवली नाही. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला त्यांनी घातलेली शिवीसुद्धा तशीच ठेवली.

हिवाळ्यात त्या गेल्या. महिनाभर मी ॲपकडं फिरकले नाही. उघडलं तेव्हा आमची प्रत बरीच मागं पडली होती. मूळ दुरुस्त्या आणि आमच्या ओळी जुळेनात. एकेक ओळ बघून कुठली ठेवायची ते ठरवावं लागणार होतं, आणि मला मोर्चाला जायची घाई. समोर दोन बटणं. एकाचा अर्थ, तुमचे बदल टाकून द्या. पत्रकाच्या कामात नवं प्रूफ आलं की जुनं फाडायचं, हे हाताला लागलेलं वळण. दाबलं. प्रत ताजी झाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी अत्तम्मांच्या सुनेचा फोन आला. "ओ ताई, ॲपवर परत ते नोटिशीचं मराठी आलंय की. अत्तम्माचं कुटं गेलं?"

"माझ्या हातनं पुसलं."

ती म्हणाली, "तुमाला पाट आसंल की. परत लिवा."

मला पाठ नव्हतं. दुपारभर समोर बसून मी नुसतं टाइप केलं होतं. एकच वाक्य आठवलं, 'नीळ्ळु वच्चिनय', पाणी आलं. बाकीची सून सांगू लागली, पण दरवेळी तिची तीच अडायची. "न्हाय, त्या आसं म्हणत नव्हत्या." शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई," आणि फोन ठेवला.

आता दर आठवड्याला मी दुरुस्त्या ओढते, ओळ न् ओळ वाचून. न जुळणारी ओळ आलीच तर ती एकच असते, मी परत घातलेली 'नीळ्ळु वच्चिनय'. तिथं 'आमची ठेवा' निवडते. बाकी सगळं मूळचंच नोटिशीचं मराठी, ते आपोआप जुळतं.