चुन्याची रेघ

आमच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास कोणी विचारला, की मी एका नांगरवाल्यापासून सुरुवात करतो. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. सुलतानपूरजवळच्या एका पडीत वावरात आम्ही खेळायचो. मालक वारला आणि त्याच्या मुलानं ते वावर नांगरायला काढलं. आमच्या विनवण्या त्यानं ऐकल्या नाहीत. परगावचा हा नांगरवाला चार बैल घेऊन आला, तेव्हा क्लब संपला म्हणून आम्ही अकरा जण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसलो.

उंच, वाळका माणूस. बैलांवर हात न उगारता नुसती जीभ टकटक वाजवायचा. आमच्या चुन्याच्या रेघेशी येऊन तो थांबला, वाकून बोटाला चुना लावून पाहिला आणि त्यानं बैल वळवले. संध्याकाळपर्यंत चारी बाजू नांगरून झाल्या, मधलं मैदान तसंच!

"हे मधातलं काऊन सोडलं हो काका?" मी विचारलं.

"कोणाचं तरी आखेल हाये. म्या आजपावतर कोणाचा धुरा फोडला नाई. मालकाले तसंच सांगतो."

बिचाऱ्याला फुटबॉल ठाऊक नाही म्हणून आपण वाचलो, असं म्हणत आम्ही पोटभर हसलो. मालकाच्या मुलानंही पुन्हा नांगर धाडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉर्नर मारायला गेलो. चारही कोपऱ्यांत, रेघेच्या बाहेर, धावत येऊन चेंडूला लाथ मारायला लागते तेवढी तीन पावलं जमीन त्यानं न नांगरता सोडली होती.