सातव्या रांगेतली बदली

वावाऊ बेटावर कालोलाइनेसारखा हात दुसरा नव्हता. आमच्या मळ्यात ती बावीस वर्षं होती. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उघडं राहतं. काडीने पाकळी एका बाजूने फाडून, आतला पापुद्रा उचलून पराग अंगठ्याने दाबायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फूल गळून जातं. कामात ती अशी बुडायची की तिला जेवायची आठवण करून द्यावी लागे.

तिला हवी होती शेंगा सुकवायची खोली. तिथलं काम शिकायचं, मग इतरांना शिकवायचं. मालकीण मी, दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या हंगामात बघू." चांगला हात रांगेतून कोण काढतं? शेवटी एकदाचा शब्द दिला: ज्याची रांग सर्वांत जास्त शेंगा धरेल, त्याला खोली.

आणि ऐन फुलोऱ्यात तिची मावशी सिउतिती वारली. एकतीस वर्षं सातव्या रांगेत राबलेली बाई. ती रांग दोघींची, समोरासमोर काम करायच्या. मावशीला शेवटची अंघोळ कालोलाइनेने घातली. प्रेताला लागलेल्या हातांनी दहा दिवस कशालाही शिवायचं नाही, ही आमची रीत. घाससुद्धा तिला बहीण भरवी.

तरी ती रोज यायची. हात कापडात गुंडाळून रांगेच्या टोकाशी उभी.

"घरी बस की," मुकादम लिसिआते म्हणाला. "खोली मला मिळताना बघायला आलीस?"

"तुझ्या हाताला फूल टिकत नाही रे. बायको कशी टिकली, देव जाणे!"

तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर सातव्या रांगेतलं कालचं एकही फूल गळलेलं नव्हतं. त्या रांगेत तर कोणी गेलंच नव्हतं. लिसिआतेने एक फूल उलटून पाहिलं आणि झटकन हात मागे घेतला. पाकळी डावीकडून फाटली होती. मळ्यात डावखुरी एकटी सिउतिती.

मी पदवी घेतलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही. चौथ्या सकाळी खुर्ची टाकून रांगेत बसले. वारा नव्हता. समोरचं फूल उघडलं. आतला पापुद्रा उचलला गेला, दाबला गेला. मग त्याच्या पुढच्या फुलाचा. मी खुर्ची तिथेच टाकून आले.

अकराव्या दिवशी कालोलाइनेचे हात सुटले. सर्वांत जास्त धरली होती ती सातवी रांगच. मी खोलीची किल्ली पुढे केली, तर घेईना.

"मी गेले तर मावशी एकटी पडेल. बाई, दुसरं काही करायचंय का, असं तिला कधी विचारलंत?"

"नाही."

"मीही नाही विचारलं."

ती रांगेत शिरली. "मावशी, चल. आपली बदली झाली." परत आली ती अगदी हळूहळू, कोपर बाहेर काढून, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा तशी. मग माझ्या हातातून किल्ली घेतली.

त्यानंतर सातव्या रांगेत उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी सगळी गळाली.

आठवड्याने मी खोलीशी गेले. आतून आवाज येत होता. "एवढं चोळायचं नाही गं. बोटांना तेल लागलं की थांबायचं. हं, अस्सं. आता पांघरूण घालू."

दार अर्धवट उघडं होतं. गेल्या हंगामातल्या शेंगांवरच्या कांबळीचं एक टोक कालोलाइनेने धरलं होतं. दुसरं टोकही उचललेलं होतं.