उभ्या दगडाला कुंकू

अपमान माझ्या आईचा झाला. २००७ सालचा मे महिना, तिसरा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. जागा : बॉनपासून बसने दीड तासावर, एका गावाबाहेरचं शेत. साक्षीदार : एकोणीस मराठी माणसं, त्यातली एक मी. वेळ पक्की आठवते, कारण जर्मन माणसाने अकराला सुरू होणार म्हटलेली टूर अकरालाच सुरू होते.

मी तेव्हा बॉनला पीएचडी करत होते. त्याआधीची चार वर्षं पुण्यात पत्रकं लिहिण्यात आणि चौकात उभं राहून वाटण्यात गेली होती. कुणी केलं, कधी केलं, आम्हाला काय हवंय, एवढंच पत्रकात असतं. हेही तसंच लिहितेय.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आई पहिल्यांदाच माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. मी दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये, ती खोलीत एकटी. म्हणून आपल्या लोकांच्या सहलीत तिचं नाव घातलं. चार माणसं भेटतील, बोलेल. सहलीचे प्रमुख कोलोनला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होते. बसमध्ये चढताना त्यांनी तिला "या काकू, खिडकीशी बसा" म्हटलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

शेताच्या कडेला पाच दगड एका ओळीत उभे होते. मोठा माझ्यापेक्षा हातभर उंच, सगळ्यात लहान आईच्या खांद्याएवढा. मागे पिवळंधम्मक शेत आणि पवनचक्क्या. दाखवायला गावातला एक निवृत्त मास्तर आला होता. तिथल्या इतिहासप्रेमींच्या फेरआइनचा माणूस. फेरआइन म्हणजे आपलं मंडळच, फक्त नियमावली जाड. तो म्हणाला, हे दगड लिहिणं-वाचणं यायच्या आधीचे, हजारो वर्षांचे. "तर, कशासाठी उभे केले ते आम्हाला ठाऊक नाही."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी माणसं खपली असतील उभे करायला, आणि कशासाठी ते माहीत नाही? मग नमस्कार तरी करावा बाई."

मी हसले. सगळे पुढे मोठ्या दगडाकडे गेले. आई लहान दगडापाशी थांबली. पर्समधून कुंकवाची डबी काढली, बोटाच्या टोकाने दगडाला एक टिकली लावली, खाली गवतातली दोन पिवळी फुलं ठेवली. बांधावर असा एकटा उभा दगड दिसला की आपल्याकडे दुसरं काय करतात?

"हाल्ट!"

मास्तर धावत आला. हे तुमचं देऊळ नाही, म्हणाला. यावरचं शेवाळ शेकडो वर्षांचं आहे, तुम्ही लोक जिथे जाल तिथे रंग फासता. खिशातून ओल्या कागदी रुमालांचं पाकीट काढून त्याने आईच्या हातात कोंबलं. "पुसा. आत्ता."

आणि मी भाषांतर केलं. "आई, ते पुसायला सांगतायत." त्याच्याकडे वळून मी "एन्टशुल्डिगुंग"ही म्हणाले. माफी मागितली. मी, पत्रकंवाली.

आई पुसायला लागली. ओल्या कागदाने कुंकू पसरलं, दगड गुलाबी झाला. ती आणखी जोरात घासायला लागली. करड्या पापुद्र्याचे तुकडे निघाले. "हे दगडफूल आहे गं," ती हळूच म्हणाली. "गोड्या मसाल्यातलं. हे निघतंय बघ." मास्तर कमरेवर हात ठेवून बघत होता. सहलीचे प्रमुख त्याला स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, "माफ करा, त्या गावाकडच्या आहेत, त्यांना कळत नाही." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

बसमध्ये आईच्या शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली. मग मागून आवाज आला, ऐकू जाईल इतपतच हळू : "नवरा गेल्यावर कुंकवाची डबी कशाला लागते पर्समध्ये?"

आईने खिडकीकडे तोंड केलं ते बॉन येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." नवव्या दिवशी ती गेली.

मग मी सूड घेतला. सूडच म्हणते, न्याय वगैरे नाही. पुढच्या शनिवारी एकटी त्या शेतात गेले. कुंकवाचा मागमूस नव्हता, दोन पावसांत धुऊन गेलं होतं. दगडफूल खरवडलेला पांढरा चट्टा मात्र तसाच. आणि मोठ्या दगडाच्या मागच्या बाजूला एक पितळी पाटी : देखभाल अमुक फेरआइन. पाटी चार बोल्टांनी बसवलेली. चार भोकं, ड्रिलने पाडलेली, हजारो वर्षांच्या दगडात! मी तिथेच मोठ्याने हसले.

फोटो काढले. जर्मनमध्ये एक पान लिहिलं, वर शीर्षक : "भोकं कुणी पाडली?" खाली दोन फोटो, तारीख, वेळ, आणि एका पाहुण्या बाईला कुणी काय करायला लावलं ते. गावातल्या प्रत्येक पत्रपेटीत एकेक टाकलं, एक प्रत स्मारकं सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत पाठवली. कचेरीतला माणूस येऊन बघून गेला. त्याने मला लिहून कळवलं की कुंकू आपोआप गेलंच असतं, नुकसान घासण्याने झालं. पाटी निघाली. मास्तरकडून टूर काढून घेतल्या. मला आनंद झाला. तो मी कधी लपवला नाही.

शरद ऋतूत त्याचं पत्र आलं, शाईच्या पेनाने लिहिलेलं. मी तुमच्या आईवर ओरडलो, ते चूक होतं. बोल्टांचंही चूक होतं. त्यांना सांगा.

मी विजयी वीराच्या थाटात आईला फोन लावला, पत्र वाचून दाखवलं, मी काय काय केलं तेही सांगितलं. ती म्हणाली, "बिचारा. त्याचा दगड, तो ओरडणारच. त्याची नोकरी घालवलीस का?"

"नोकरी नव्हती गं. हौस होती."

"मग हौस तरी कशाला घालवलीस? आणि तू गं, त्याच्याकडे काय माफी मागत होतीस?"

मी म्हटलं, चुकलं माझं. ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "ती बाई उठून गेली ना, मला वाटलं होतं, निदान उतरताना तरी बोलेल काहीतरी. डबी मी स्वतःला लावायला नाही ठेवत. तुझ्या बाबांनी आणलेली आहे." आणि फोन ठेवला.

म्हणजे सूड मी चुकीच्या माणसावर उगवला. परक्याने पत्र लिहिलं. आपल्यातल्या एकानेही नाही. त्यानंतर तीनदा व्हिसाचे कागद पाठवले, तीनदा तिने कपाटात ठेवून दिले. "तिथे परत त्याच लोकांत?" म्हणते.

हे पत्रक इथल्या आपल्या मराठी मंडळींसाठी आहे. तुमच्यातले काही त्या बसमध्ये होते, हे मला माहीत आहे. चेहरे पाठ आहेत. "गावाकडच्या आहेत" म्हणालेले तुम्ही, हसलेले तुम्ही, उठून मागे गेलेल्या तुम्ही, आणि खिडकीबाहेर बघत बसलेले बाकीचे. नंबर माझ्याकडे आहे, मागा. फोन लावा. हवापाणी विचारू नका, मुलांचं कौतुक सांगू नका. "काकू, त्या दिवशी मी तुमच्याशी वाईट वागले," एवढं वाक्य स्वतःच्या तोंडाने पूर्ण बोला, आणि त्यावर ती जे बोलेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. या रविवारच्या आत.