आवाज बंद केल्यावर

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आंजी गावातल्या आमच्या घरी मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि टीव्हीवर तोच जुना विनोदी सिनेमा लावायचा, हे ठरलेलं. नायकाचं एक वाक्य बाबा नेहमी त्याच्या आधीच म्हणून टाकायचे आणि आई खोटं खोटं चिडायची.

बाबा गेल्यावरही आई तोच सिनेमा लावते. फक्त ते वाक्य जवळ आलं की टीव्हीचा आवाज बंद करते. मला वाटलं, तिला ते ऐकवत नसेल. परवा मला नको ते शहाणपण सुचलं. तिला बरं वाटावं म्हणून त्या शांततेत मीच ते वाक्य म्हटलं, अगदी बाबांसारखं.

आईच्या हातातली जुडी सुटली.

"काऊन बोलला रे मधात? तुह्या बाबाचा आवाज ऐकू येऊन राह्यला होता मले."