कलत्या मानेचा टाक

मोरेश्वर सोनाराला मी लहानपणापासून काका म्हणत असे. माझं लग्न झाल्यावर मंडळींनी मला त्यांना बाबा म्हणायला सांगितलं, आणि ते मला कधीच जमलं नाही. माणूस चांगला होता. त्या चांगल्या माणसाशी मी जे वागले ते आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी सांगून टाकते, कारण ऐकून रागावणारं कोणी उरलेलं नाही.

काकांचं घर सौंसरला, पण घरी ते सापडायचे नाहीत. मोहगाव, रामाकोना, पांढुर्णा असे बाजार धरून ते फिरत. दुकान खांद्यावरच्या पिशवीत: वीतभर ऐरण, फुंकणी, चिमटे, मातीची मूस, राळेचा गोळा आणि फडक्यात बांधलेले पितळी ठसे. गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसायचं, त्याच्या डोळ्यांदेखत चांदी वितळवायची, त्याच्या डोळ्यांदेखत घडवायची आणि उठताना कानशीच्या खालचा भुगासुद्धा कागदात बांधून त्याच्या हातात द्यायचा. "धातू गिऱ्हाइकाचा, हात माझा," असं ते म्हणत. बाकीचे सोनार त्यांना हसायचे आणि दुमजली घरं बांधायचे.

या फिरतीत त्यांची बसायची ठिकाणं ठरलेली होती. मोहगावात नदीच्या घाटाची खालून तिसरी पायरी. तिथं ते नवी चांदी रिठ्याच्या पाण्यानं धूत. रामाकोन्याला स्टेशनातल्या कडुनिंबाखालचा दगड. तिथं शिदोरी सोडायची आणि छोट्या गाडीची वाट पाहायची. गाडी लेट असली की त्यांना बरं वाटे. आणि पांढुर्ण्याला जाम नदीच्या अलीकडचं एक हॉटेल. हॉटेल म्हणायचं ते मालकाच्या समाधानासाठी, एरवी चार बाकडी आणि एक कढई. तिथला आलुबोंडा खाल्ल्याशिवाय त्यांचा पांढुर्ण्याचा बाजार पुरा होत नसे.

पांढुर्ण्याला ते आमच्या ओसरीवर बसत. आम्हीही सोनारच, पण माझ्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, ऐरण सोडून खडू धरला होता आणि त्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. एकदा अंबाबाई नावाची एक शेतकरीण पायातले तोडे मोडायला घेऊन आली. नवेकोरे तोडे. माझ्या आईला राहवलं नाही.

"अवो, इतके बेस तोडे काऊन मोडून राहिली?"

अंबाबाईनं मान खाली घातली. काकांनी हातातला चिमटा ठेवला.

"वहिनी, मोडाले आणलेल्या डागाचं कारण इचारू नये. माह्या बापानं इचारलं नाही, मीबी इचारत नाही."

डाग म्हणजे दागिना. सुखानं कोणी डाग मोडत नाही, तेव्हा विचारून माणसाला उघडं पाडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते त्या वयातही फार मोठेपणाचं वाटलं होतं. पुढं त्याच मोठेपणानं माझा घात केला, आणि त्यांचाही.

त्यांची एकच मुलगी, अनुराधा. आई सहाव्या वर्षी गेली, म्हणून ती बापाबरोबर बाजार हिंडायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या ओसरीवर बसून शेगडीला वारा घालताना मी तिला कितीदा पाहिली आहे. रामाकोन्याच्या त्या दगडावरून पडून तिच्या डाव्या भुवईला खोक पडली होती आणि तेवढ्या जागेत केस उगवले नव्हते. आणि कोणी बोलायला लागलं की ती ऐकताना मान एका बाजूला कलती करायची. काका तिला म्हणत, "सरळ बस व, काटा झुकून राहिला." ती हसायची आणि मान तशीच ठेवायची.

स्वातंत्र्य आलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सौंसरला झेंडा लागला, शाळेत साखर वाटली, आणि काकांच्या डोक्यात शिरलं की आता सरकार आपलं, तेव्हा जावई सरकारी नोकरीतला पाहिजे. पोरीनं आपल्यासारखं बाजारोबाजार हिंडू नये. त्यांनी चार वर्षं शोधून नागपूरच्या सचिवालयातला कारकून गाठला. यशवंतराव. तेव्हा नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होती, सौंसरहून सकाळच्या गाडीत बसलं की दुपारी लेकीच्या दारात. काकांना आणखी काय हवं होतं?

छप्पन साली दिल्लीत कोणी तरी नकाशावर रेघा ओढल्या. नागपूर गेलं मुंबईकडं, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात, आणि राजधानी झाली भोपाळ. आम्हाला कोणी विचारलं नाही. सचिवालयातल्या कारकुनांच्या नावांच्या याद्या लागल्या आणि यशवंतरावांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. टेबलं, फायली, बायकामुलं सगळं एकाच गाडीत भरून गेलं. जाण्याआधी अनुराधेचा नागपुरात एक फोटो काढून द्या, असं काकांनी जावयाला दोनदा सांगितलं होतं. "काढू ना, घाई काय आहे," असं म्हणता म्हणता सामान बांधून झालं.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत ती भोपाळला बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तार सौंसरला पोचायला एक दिवस, काकांना मोहगावच्या बाजारातून शोधून आणायला अर्धा दिवस, पुढं पांढुर्ण्याहून मोठी गाडी. ते भोपाळला उतरले तेव्हा राख सावडून झाली होती. परक्या गावात, जिथली बोलीही तिला धड येत नव्हती. "सरकार आपलं होतं," असं ते माझ्या वडिलांना म्हणाले.

चार महिन्यांनी यशवंतरावांशी माझं लग्न ठरलं. मला विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच. वडिलांनी खडू धरला तरी बिजवराला मुलगी देताना ते पक्के जातीतले निघाले.

आमच्यात बिजवराशी लग्न झालं की पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची मूर्ती, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला. हा टाक एका पितळी ठशावर ठोकून काढतात, त्यामुळं सगळ्या मेलेल्या बायका एकसारख्या दिसतात: सरळ उभ्या, सरळ बघणाऱ्या, नाकडोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. तसंच असावं. दुसरीला जगायचं असतं.

अनुराधेचा टाक दुसऱ्या कोणाला करू द्यायला काका तयार नव्हते. लग्नाच्या सकाळी त्यांनी तो माझ्या आईच्या हातात ठेवला तेव्हा आई दचकली. त्यांनी ठसा वापरलाच नव्हता. पत्रा राळेवर बसवून, खिळ्यानं एकेक रेघ काढून, त्यांनी आपली लेक त्यात आणली होती. भुवईवरची खोक होती. मान कलती होती. सोनारानं असं करायचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिचा फोटो कुठंच नव्हता, म्हणून त्यांनी ते केलं, आणि मग ते तोंड नेऊन माझ्या गळ्यात बांधलं.

मी एकवीस वर्षांची होते. लग्नानंतर रीतीप्रमाणं मी त्यांची मानलेली लेक झाले आणि त्यांनी मला त्यांची सगळी ठिकाणं दाखवायला नेलं. मोहगावची पायरी, रामाकोन्याचा दगड, नदीजवळचं हॉटेल. "हे पाह्य, इथं बसत होती ती." आलुबोंडा माझ्या पुढं ठेवत, बोलत माझ्याशी, आणि बघत टाकाकडं. मी पदर ओढून घेतला तर ते बोलता बोलता थांबायचे. भोपाळला गेले तर तिथं तेच. यशवंतराव जेवताना मान वर करत आणि त्यांची नजर माझ्या गळ्याशी थांबे. मी मनात म्हणत असे, बघा, पोटभर बघा, वाढणारी दिसतच नाही तुम्हाला. दोन वर्षं मी त्या घरात मोलकरणीसारखी वावरले, आणि मालकीण माझ्या गळ्यात लटकत होती.

साठ सालच्या मे महिन्यात मी माहेरी आले. पलीकडं सावनेर-काटोलला महाराष्ट्र झाल्याचे पेढे वाटले होते आणि आमच्याकडं माणसं ते वर्तमानपत्रात वाचत होती. मी पांढुर्ण्याहून सौंसरच्या मोटारीत बसले. वाटभर मी एक वाक्य घोकत होते: "काका, हा टाक तुमच्यापाशी ठेवा, मला ह्या चांदीतून दुसरा साधा करून द्या." त्यासाठी माझी जुनी जोडवी रुमालात बांधून घेतली होती. तो टाक मोडावा असं माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

काका बाहेर आले. उन्हातान्हात पाच तास धूळ खात येऊन मी त्यांच्या दारात उभी, आणि त्यांनी आधी माझ्या गळ्याकडं पाहिलं, तोंडभर हसले आणि म्हणाले, "आली का माय?"

ते मला म्हणाले नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभ्याउभ्या दोरा सोडला, टाक त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा मोडून साधा करून द्या."

त्यांनी तो तळहातावर तसाच धरला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टाकाकडं नाही, माझ्याकडं, पहिल्यांदाच.

"साध्या ठशावर?"

"हो."

त्यांनी "काऊन" म्हणावं, म्हणून मी थांबले. त्यांनी एवढं एक विचारलं असतं तर मी रडले असते, रुमाल सोडला असता आणि सगळं निभावलं असतं. पण मोडायला आणलेल्या डागाचं कारण ते विचारत नसत. ते माझ्या बोलण्याची वाट पाहत राहिले आणि मी त्यांच्या विचारण्याची. मग त्यांनी शेगडी ओढली.

घरात त्यांच्याजवळ दुसरी चांदी होती. टाक बाजूला सारून त्या चांदीचा नवा केला असता तर मी काय करणार होते? पण धातू गिऱ्हाइकाचा. त्यांनी पाट टाकून मला समोर बसवलं, मला दिसेल अशी मूस ठेवली, आणि टाक आत सोडून फुंकणी तोंडाला लावली. आधी कडा गेली. मग मान. माझ्या मुठीत जोडवी होती. मी ती इतकी घट्ट धरली होती की त्यांचे वळ हाताला उठले, आणि मी तोंड उघडलं नाही.

दोन तासांत नवा टाक झाला. सरळ उभी, कोणीही. त्यांनी तो रिठ्याच्या पाण्यानं धुतला, नव्या दोऱ्यात ओवला, उरलेला भुगा कागदात बांधला आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवलं. "पाहून घे," म्हणाले, जसं कोणत्याही गिऱ्हाइकाला म्हणत. मग त्यांनी मला सरबत दिलं आणि मोटारीपर्यंत सोडायला आले.

भोपाळला परत गेल्यावर आठवडाभरानं यशवंतराव जेवता जेवता माझ्या गळ्याकडं पाहून म्हणाले, "टाक धुतला काय? चमकून राहिला."

"वेगळा नाही दिसत?"

"टाक तो टाक. त्याच्यात काय वेगळं?"

"मग रोज काय बघता माझ्या गळ्याकडं?"

ते ओशाळले. "दोरा मळला होता तुझा. सांगावं की नाही, विचार करून राहिलो होतो. आता बदललास, बरं केलंस."

दोन वर्षं. मी पोळी भाजायला वळले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुढल्या मे महिन्यात मी सौंसरला गेले ते त्यांचे पाय धरायला. काकांनी फिरती सोडली होती. डोळे गेले म्हणून, असं शेजारचे म्हणाले. ते ओसरीवर बसले होते, पुढं राळेचा गोळा आणि त्यावर चांदीचा कोरा पत्रा. माझा आवाज ओळखून त्यांनी मला जवळ बसवलं. माझ्या गळ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

"बरं झालं आली," ते म्हणाले. "तुले एक इचाराचं होतं. तू तिले पाहेली आहे, म्हून. तिची मान कोण्या बाजूले कलत होती व?"

"डावीकडं," मी म्हणाले.

ते बराच वेळ पत्र्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"मले उजवीकडं वाटून राहिली," ते म्हणाले.

मी आठवून पाहिलं. शेगडीजवळ बसलेली अनुराधा आठवली, खोक आठवली, आणि मान कधी इकडं दिसली, कधी तिकडं. दोन वर्षं तो टाक माझ्या गळ्यात होता, पण मी कधी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहायला दुसरं काही कुठं उरलं नव्हतं. काकांनी मला आणखी काही विचारलं नाही, आणि त्या पत्र्यावर त्यांनी शेवटपर्यंत एकही रेघ काढली नाही.