बाबांचं यार्ड आणि माझं दहा दिवसांचं सेटिंग

शुक्रवारी सकाळी बाबा नागपूरहून परत आले आणि चहा व्हायच्या आधीच कम्प्युटरसमोर बसले. तिथे डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पंधरा दिवस स्क्रीन बघायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पंधरावा दिवस संपला आणि बाबांनी आत्याच्या घरून पहिली गाडी पकडली...

त्यांना बघायचं होतं त्यांचं यार्ड. खरं नाही हो, गेममधलं.

सांगतो. मी चरोद्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे, बाबा इथल्याच यार्डातून पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, म्हणून रिटायर झाले. आई गेल्यापासून क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. माझी ड्यूटी असली की दिवसभर ते एकटे... म्हणून मी त्यांना माझ्या सर्व्हायव्हल गेमच्या सर्व्हरवर घेतलं. जंगलात तगून राहायचं, लाकूड तोडायचं, घर बांधायचं, राक्षसांशी लढायचं, असा तो गेम.

बाबांनी राक्षसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना कळलं की इथे रूळ टाकता येतात... झालं! आठ महिने त्यांनी अख्खं यार्ड उभं केलं. अकरा लाइनी, केबिन, बिघडलेल्या डब्यांसाठी वेगळी सिक लाइनसुद्धा.

त्याच सर्व्हरवर माझे ड्यूटीवरचे तीन दोस्त खेळतात. त्यांना मारामारी पाहिजे. भूक लवकर लागली पाहिजे, राक्षस तगडे पाहिजेत, एकमेकांची घरं लुटता आली पाहिजेत. 'यार, तेरे सर्वर में मज़ा नहीं आ रहा,' हे रोजचं टुमणं.

मी ठरवलं, दोघांचंही मन राखायचं. मी म्हणजे अतिशहाणा ना! एका रविवारी बसून सगळं सेट केलं. डिफिकल्टी वर, हल्ले चालू, आणि बाबांच्या यार्डाभोवती सेफ झोन. तिथे राक्षस येणार नाहीत, कुणी कुणाला मारू शकणार नाही. स्वतःवरच खूश होतो मी.

एका सेटिंगचा मात्र पुरता विचार करायचा राहून गेला. दोस्तांच्या अर्धवट झोपड्यांनी सर्व्हर हळू झाला होता, म्हणून मी टाकलं की मालक दहा दिवस आला नाही तर त्याचं बांधकाम आपोआप ढासळेल. हे सेफ झोनलाही लागू होतं. आणि बाबा पंधरा दिवस येणार नाहीत हे मला माहीत होतं... नागपूरचं तिकीट मीच काढलं होतं!

शुक्रवारी बाबांना दिसलं ते नुसतं गवत. मी मागे उभा होतो. मला एका सेकंदात सगळं कळलं. बॅकअप पाहिला, तो मागच्या तीन दिवसांचाच होता; यार्ड त्याच्या आधीच ढासळलं होतं.

बाबा बराच वेळ माउस फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाताना माह्याच हातून काही दबलं असन बाबू. मले आठवून नाई राहिलं."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "होतं असं कधी कधी, बाबा."

छत्तीस वर्षांचा घोडा मी! भीती कशाची होती, अजून नीट सांगता येत नाही. शरम वाटली असेल. पण त्या एका वाक्यानं मी माझी चूक उचलून त्यांच्या पदरात टाकली.

ड्यूटीवर मी असा नाही हो. सिग्नलच्या एका तारेला हात लावायचा तरी आधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागतो. त्यांची सही झाल्याशिवाय आम्ही पाना उचलत नाही, कारण त्या लाइनवर कुणाची तरी गाडी असते. बारा वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही. आणि घरात, बाबांच्या लाइनवर... एका शब्दानं विचारलं नाही.

शनिवार असाच गेला. मी उगाच बाजारात दोन चकरा मारल्या.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी एक वही माझ्यापुढे ठेवली. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कोणती बटनं दाबायची नाहीत. सात बटनं होती. म्हणाले, "बरोबर हाये का पाहून दे. आता लिहूनच ठेवतो."

मग मात्र राहवलं नाही... सगळं सांगितलं. दोस्त, दहा दिवस, तिकीट, सगळं. "तुमच्या हातून काही दबलं नाही बाबा, मी केलं," असं दोनदा म्हणालो.

मला वाटलं, आता शिव्या पडतील. यार्डात अर्ध्या मैलावर ऐकू जाईल असा आवाज होता त्यांचा. पण त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

मग म्हणाले, "म्हणजे माहं डोकं ठिकाणावर हाये ना?"

मी हो म्हणालो.

"दोन दिवसांपासून गॅस तीन-तीनदा पाहून राहिलो होतो रे. दाराले कुलूप लावलं का, गोळी घेतली का... काल तं तुह्या आईचं माहेरचं नाव आठवून पाह्यलं. म्हटलं, ते तरी आठवते का."

यार्डाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उठले, आत जाऊन आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

मी ते ढासळण्याचं सेटिंग बंद केलं. दोस्तांसाठी वेगळा सर्व्हर काढून दिला... पाच मिनिटांचं काम होतं, आधीच करता आलं असतं. यार्ड पुन्हा उभं करायचं की नाही ते बाबा ठरवतील, मी विचारलेलं नाही.

पण माझा बाप दोन दिवस स्वतःची परीक्षा घेत घरात फिरत होता आणि मी शेजारच्या खोलीत गप्प बसलो होतो. त्यांनी ओरडायला हवं होतं मला. खूप ओरडायला हवं होतं...